स्तन्यपान आणि ऋतुचक्र

प्रसूतीनंतर अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस कित्येक महिने पाळी येत नाही, हा अनुभव सर्वपरिचित आहे. आयुर्वेदाने स्तन्य व आर्तव हे दोन्ही रसधातूचे उपधातू मानले. एक वाहू लागले की दुसरे आटावे, अशी कल्पना त्यावरून सहज सुचते. दोहोंतील संबंध आधुनिक शरीरक्रियाशास्त्रालाही मान्य आहे. मात्र तो द्रव्याचा नसून संदेशांचा आहे.

वार पडताच तिच्यापासून मिळणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने उतरतात, आणि पोषग्रंथीतील प्रोलॅक्टिनला दुग्धोत्पत्तीची मोकळीक मिळते. पुढे मूल चोखू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतूंमार्फत ती वार्ता मेंदूतील अधोथॅलॅमसापर्यंत जाते. तेथून एरवी ठरावीक ठेक्याने सुटणारे प्रेरक स्पंद विस्कळीत होतात. पोषग्रंथीचे पीतपिंडकारी संप्रेरक अपुरे पडते, आणि बीजमोचन थांबते. हा निरोध प्रोलॅक्टिनच करते, असे पूर्वी समजले जाई. आता चोखण्याच्या उद्दीपनालाच अधिक महत्त्व दिले जाते.

अर्थात किती वेळ पाजले यापेक्षा किती वेळा पाजले, हे अधिक निर्णायक ठरते. कलहारीतील कुंग स्त्रियांचे मेल्विन कॉनर व कॅरल वर्थमन यांनी केलेले निरीक्षण १९८० साली प्रसिद्ध झाले. या माता दिवसा तासातून अनेकदा, परंतु मिनिटदोन मिनिटेच पाजीत. कोणतेही संततिनियमन नसता त्यांच्या दोन अपत्यांत सुमारे चार वर्षांचे अंतर राही.

येथे मराठीतील ‘पाळी’ हा शब्द थोडा फसवतो. तो दिसणाऱ्या घटनेचे नाव आहे. न दिसणाऱ्या बीजमोचनाला घरगुती भाषेत शब्दच नाही. वस्तुतः स्राव बीजमोचनानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येतो. त्यामुळे पहिल्या पाळीपूर्वीच गर्भ राहू शकतो, आणि ‘अजून पाळी आली नाही’ म्हणून निश्चिंत असलेली स्त्री दुसऱ्यांदा गरोदर असू शकते. मूल जसजसे मोठे होते तसतशी ही शक्यता वाढते.

इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ साली तज्ज्ञांनी याची मर्यादा आखून दिली. पाळी परत आलेली नसावी, मूल पूर्णतः वा जवळजवळ पूर्णतः अंगावरच असावे, आणि त्याला सहा महिने झालेले नसावेत. या तिन्ही अटी पाळल्यास गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ५६ दिवसांतील स्राव अशा स्त्रीच्या बाबतीत पाळी म्हणून धरीत नाहीत. तिन्हींपैकी एक अट सुटली, की पाळीची वाट न पाहता दुसरा उपाय योजावा लागतो.