'जे' विचारावा की 'ई'?

एक खेळ मांडू या. मी मनात पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द धरतो. (येथे अक्षर म्हणजे रोमन लिपीतील अक्षर. मराठी अक्षरांचा हिशेब निराळा.) तुम्ही मला एवढेच विचारावयाचे, "अमुक अक्षर या शब्दात आहे काय?" मी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणणार. तर पहिला प्रश्न कोणत्या अक्षराचा विचाराल?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, 'जे' विचारावा. ते अक्षर दुर्मीळ आहे. एकदा का 'हो' आले की शब्द जवळजवळ हाती आलाच. दुसरे म्हणतील, छे, 'ई' विचारा, ते तर जागोजागी आढळते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण असा वाद तोंडाने मिटत नाही, मोजणी करावी लागते; आणि मोजणीसाठी शब्दांची नक्की यादी हवी.

अशी एक यादी आयतीच उपलब्ध आहे. २०२१ साली अमेरिकेत राहणाऱ्या जॉश वॉर्डल या संगणक-अभियंत्याने 'वर्डल' नावाचा खेळ लोकांसाठी खुला केला. त्यात पाच अक्षरी गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांहून अधिक भरतात, पण त्यांतले पुष्कळसे कोणी कधी ऐकलेलेही नसतात. म्हणून वॉर्डल यांची जोडीदार पलक शाह हिने ओळखीचे तेवढे शब्द निवडले. गुप्त शब्दांच्या मूळ यादीत असे २,३१५ शब्द होते. माझ्या मनातला शब्द याच यादीतला आहे असे धरू.

आता मोजा. या २,३१५ शब्दांपैकी 'जे' असलेले शब्द आहेत अवघे २७. म्हणजे तुम्ही 'जे' विचारलात आणि 'हो' आले, तर एका फटक्यात २,२८८ शब्द बाद! मात्र हे भाग्य ८६ खेळांत साधारण एकदाच लाभणार. उरलेल्या ८५ वेळा 'नाही' येणार, आणि तुमच्यापुढे २,२८८ शब्द तसेच उभे राहणार. सरासरी काढली तर 'जे'च्या प्रश्नानंतर सुमारे २,२६० शब्द शिल्लक राहतात. प्रश्न जवळजवळ फुकट गेला.

'ई' हे अक्षर सुमारे १,०५० शब्दांत आहे. 'हो' आले तर १,०५० उरतात, 'नाही' आले तर १,२६५. उत्तर काहीही येवो, यादी निम्म्यावर येते. सरासरी शिल्लक सुमारे १,१७०. तेव्हा 'ई'वाल्यांचा पक्ष जिंकला. पण नीट पाहा, तो का जिंकला? 'ई' पुष्कळ ठिकाणी आढळते म्हणून नव्हे. समजा, एखादे अक्षर प्रत्येक शब्दात असते, तर त्याचा प्रश्न विचारून काय मिळाले असते? काहीच नाही; उत्तर आधीच ठाऊक होते. 'जे'चेही तेच: 'नाही' येणार हे जवळजवळ ठरलेले. ज्या प्रश्नाचे उत्तर काय येईल याचा अंदाजच बांधता येत नाही, तो प्रश्न सर्वांत जास्त शिकवतो.

या कल्पनेला गणिताचे रूप दिले अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी, १९४८ साली. यादी नेमकी निम्मी करणाऱ्या उत्तरात जेवढी माहिती असते, तिला एक 'बिट' म्हणतात. दोनाचा अकरावा घात २,०४८ आणि बारावा ४,०९६. म्हणजे २,३१५ शब्दांतून एक शब्द हुडकायला ११ बिटांहून थोडी अधिक माहिती लागते. प्रत्येक प्रश्न यादीचे दोन सारखे भाग करील असा सापडत गेला, तर बारा प्रश्नांत काम फत्ते. 'ई'चा पहिला प्रश्न सरासरीने ०.९९ बिट देतो, 'जे'चा फक्त ०.०९.

पण यावरून "प्रथम नेहमी वारंवार येणारी अक्षरे विचारा" असा नियम पाठ करू नका. कोणत्या यादीत वारंवार, हे महत्त्वाचे. इंग्रजी पुस्तकातले कोणतेही पान घेऊन अक्षरे मोजलीत तर 'ई'च्या पाठोपाठ बहुधा 'टी' येईल, कारण 'द' हा तीन अक्षरी शब्द ओळीओळीत डोकावतो. आपल्या यादीत सगळे शब्द पाच अक्षरी. 'द'ला तेथे मज्जाव. साहजिकच 'टी' घसरून पाचव्या क्रमांकावर जातो आणि 'ए', 'आर', 'ओ' पुढे सरकतात. 'एस'ची गंमत तर आणखीच वेगळी. बारा हजारांच्या मोठ्या यादीत तो जवळजवळ निम्म्या शब्दांत सापडतो, कारण चार अक्षरी नामाला 'एस' जोडला की पाच अक्षरी अनेकवचन तयार. गुप्त शब्दांच्या यादीतून अशी साधी अनेकवचने वगळली आहेत. तेथे 'एस' पाव हिश्शाहून थोड्याच अधिक शब्दांत उरतो.

शिवाय अक्षरे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. 'क्यू' आहे हे कळल्यावर 'यू' विचारणारा एक प्रश्न वाया घालवतो, कारण इंग्रजीत 'क्यू'मागून 'यू' जवळजवळ हटकून येतो. २६ अक्षरांतून कोणतीही पाच जुळवली तर १,१८,८१,३७६ जुळण्या होतात. त्यांतली एक ओळखायला साडेतेवीस बिट लागले असते. आपले काम त्याच्या निम्म्याहून कमी माहितीत भागते, ते या बंधनांमुळेच.

वर्डलमध्ये एका वेळी एक अक्षर नव्हे, तर पूर्ण शब्दच सुचवायचा असतो. प्रत्येक अक्षराला तीनपैकी एक रंग मिळतो: योग्य जागी असेल तर हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर करडा. म्हणजे एका प्रयत्नात पाच प्रश्न. बर्टसिमास आणि पास्कोव्ह या संशोधकांनी २०२२ साली संगणकाकडून सारा हिशेब करवून घेतला, तेव्हा आरंभासाठी सर्वोत्तम शब्द निघाला 'सॅलेट', जुन्या काळचे एक शिरस्त्राण! त्यात 'एस', 'ए', 'एल', 'ई', 'टी' ही पाच अक्षरे आहेत. तेथून नीट खेळल्यास सरासरी ३.४२ प्रयत्न लागतात.

आता एक कठीण प्रसंग. दोन प्रयत्न झाले, चार उरले. शेवटची चार अक्षरे हिरवी आहेत: 'आय', 'जी', 'एच', 'टी'. तुम्ही आनंदाने टाळी वाजवाल, पण थांबा. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे सात शब्द रांगेत उभे आहेत, आणि आठवा 'एट' (उच्चार निराळा, पण शेवटची चार अक्षरे तीच). एकेक शब्द टाकत गेलात तर चार प्रयत्नांत आठांपैकी चारच तपासून होतील. हार-जीत निम्मी-निम्मी!

त्यापेक्षा मुद्दाम चुकणारा शब्द टाका: 'फिल्म्स'. त्यात 'एफ', 'एल', 'एम', 'एस' ही चारही आद्याक्षरे आहेत. यांपैकी एखाद्याला रंग चढला तर शब्द कळलाच. चारही करडी राहिली तर उरले नाइट, राइट, टाइट आणि एट. मग टाका 'एंटर': 'एन'ला रंग आला तर नाइट, शेवटच्या 'आर'ला आला तर राइट, 'ई'ला आला तर एट, आणि तिघांपैकी कोणालाच नाही तर टाइट. तिसऱ्या प्रयत्नात नक्की उत्तर, आणि चौथा हातात शिल्लक. 'फिल्म्स' हे उत्तर असूच शकत नाही हे तुम्हांला आधीच ठाऊक होते, तरी त्यानेच डाव वाचवला.

जाता जाता तुमच्यासाठी एक कोडे. पाच अक्षरांना तीन रंग, म्हणजे तीनाचा पाचवा घात, २४३ रंगरचना व्हायला हव्यात. प्रत्यक्षात मात्र २३८च होऊ शकतात. उरलेल्या पाच कोणत्या, आणि त्या का अशक्य? कागदावर पाच चौकोन आखा आणि त्यांपैकी चार हिरवे रंगवून पाहा.