दुसरा लोहमार्ग टाकण्यापूर्वी

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याची भिंत ५०५ मीटर लांब आणि जवळजवळ ३० मीटर उंच आहे. गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील धानाच्या बांध्या त्याच्या पाण्यावर पिकतात. हे धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. पाण्याखाली किती जंगल जाईल, तेथील प्राणी कुठे जातील, खालच्या अंगाला नदीचे काय होईल, याचा आधी अभ्यास करून तो लोकांपुढे ठेवावा असा नियम त्या वेळी आपल्या देशात नव्हता. योगायोग असा, की मोठ्या सरकारी कामापूर्वी असा अभ्यास सक्तीचा करणारा अमेरिकेतील कायदा १ जानेवारी १९७० रोजीच झाला. भारतात तशी सक्ती करणारी अधिसूचना निघाली ती २७ जानेवारी १९९४ रोजी. आज तिच्या जागी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. या अभ्यासाला 'पर्यावरण आघात मूल्यमापन' असे भारदस्त नाव आहे. पण त्याचा अर्थ साधा आहे. काम करण्याआधी विचारायचे प्रश्न, एवढेच.

आता याच तालुक्यातून जाणाऱ्या दुसऱ्या एका कामाकडे पाहू. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला हा मार्ग अडीच फुटी नॅरोगेज म्हणून टाकला गेला आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. गोंदिया, सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल असा तो धावतो. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे मार्ग तो नागपूरला वळसा न घालता जोडतो. मालवाहतूक वाढल्यावर एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत स्थानकात थांबून राहावे लागते. म्हणून दुसरा मार्ग हवा. मागणी रास्त आहे. प्रश्न असा, की दुसरा मार्ग म्हणजे पहिल्यासारखाच आणखी एक, एवढेच का?

रेल्वेचा हिशेब आणि त्यातून सुटलेले

रेल्वे ही रस्त्यापेक्षा स्वच्छ वाहतूक मानली जाते, आणि त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दोन्ही पृष्ठभाग फारच थोडे दबतात. रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ऊर्जा खर्च होते. त्यामुळे तेवढेच वजन ओढायला रेल्वेला लागणारा जोर ट्रकच्या मानाने कितीतरी कमी असतो.

या मंजुरीबरोबर महाराष्ट्र, ओडिशा आणि छत्तीसगडमधील एकूण चार रेल्वेप्रकल्प मंजूर झाले. त्यांच्यामुळे ४७७ कोटी किलो कार्बन डायऑक्साइड वाचेल आणि ते १९ कोटी झाडे लावण्याइतके आहे, असे सरकारी पत्रकात म्हटले होते. विद्यार्थ्यांना हा भागाकार करायला सांगा. एका झाडाच्या वाट्याला सुमारे २५ किलो येतात. म्हणजे एक झाड एवढा वायू शोषते असे धरून हा आकडा काढलेला आहे. हिशेब म्हणून तो ठीक आहे. पण यात झाड म्हणजे फक्त कार्बनचे माप. ते झाड कुठे उभे आहे, त्याच्या सावलीतून कोण जाते, याला या हिशेबात जागा नाही.

ती जागा आघात मूल्यमापनात असायला हवी. त्याचे चार टप्पे असतात. पहिला छाननीचा: या प्रकल्पाला अभ्यासाची गरज आहे का? दुसरा व्याप्ती ठरवण्याचा: अभ्यास कशाकशाचा करायचा? तिसरा लोकांचे म्हणणे ऐकण्याचा. त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. चौथ्या टप्प्यात तज्ज्ञांची समिती सगळे तपासून शिफारस करते. कोणत्या प्रकल्पांना हे लागू आहे, याची यादी २००६ च्या अधिसूचनेला जोडलेली आहे. तीत धरणे, खाणी, विमानतळ, बंदरे, महामार्ग आहेत, डोंगरावरचे दोरखंड-पाळणेसुद्धा आहेत. रेल्वे मात्र नाही. म्हणजे पहिल्याच टप्प्याच्या दारात रेल्वेला कोणी थांबवत नाही.

याचा परिणाम शहरातही दिसला आहे. मुंबईत मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरे वसाहतीतील दोन हजारांहून अधिक झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये तोडली गेली. कारशेडसाठी दुसरी जागा आहे का, मिठी नदीच्या काठच्या या जमिनीत पावसाचे पाणी कसे मुरते, हे प्रश्न लोक विचारत होते. पण न्यायालयातील लढाईचा मोठा भाग झाडे तोडण्याच्या परवानगीभोवती फिरला. मोठे प्रश्न विचारायची ठरलेली जागा नसली की ते छोट्या परवानगीच्या खिडकीवर येऊन उभे राहतात.

तुकड्यांची तपासणी

याचा अर्थ जंगलातून जाणाऱ्या लोहमार्गाला काहीच नियम नाहीत असा नव्हे. वनजमीन लागणार असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. व्याघ्रप्रकल्प आणि त्यांना जोडणारे भ्रमणमार्ग यांसाठी त्याच कायद्यात २००६ साली घातलेले कलम ३८-ओ आहे. त्यानुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची संमती लागते.

पण हे कायदे जमिनीचे तुकडे पाहतात: इतकी हेक्टर वनजमीन, इतकी झाडे, तितक्या क्षेत्रात पर्यायी लागवड. लोहमार्गाची गोष्ट वेगळी आहे. तो अरुंद असतो, म्हणून हेक्टरांत जमीन थोडी लागते. पण तो लांब असतो, म्हणून अडवतो खूप. १ किलोमीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टी फक्त २ हेक्टर भरते. कागदावर ती नगण्य दिसते. पण तीच पट्टी दोन जंगलांच्या मधोमध आडवी गेली तर दोन्ही बाजूंची हजारो हेक्टर एकमेकांपासून तुटू शकतात. क्षेत्रफळ आणि अडथळा ही दोन वेगळी मापे आहेत, ही या विषयातील कळीची गोष्ट.

आणखी एक. फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने रस्ते, लोहमार्ग, कालवे अशा 'रेषीय' प्रकल्पांना वनजमीन देताना ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून बरीचशी सूट मिळाली. म्हणजे जनसुनावणी नाही आणि ग्रामसभेची संमतीही बहुधा नाही. ज्यांना त्या भागाची पायवाट अन् पायवाट ठाऊक, त्यांना विचारण्याचे दोन्ही रस्ते अरुंद झाले.

पायवाटा कुठे आहेत?

नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे, पण ते एकसंध नाही. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधल्या पट्ट्यातून हा लोहमार्ग जातो आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ ही जातो. उत्तरेला कान्हा आणि पेंच, दक्षिणेला ताडोबा आणि इंद्रावती. या सगळ्यांच्या मधला हा दुवा आहे. वाघ किती दूर चालतो याचे उदाहरण विदर्भाला माहीत आहे. 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातून चालत उमरेड–कऱ्हांडल्यात पोहोचला. तरुण वाघ असे बाहेर पडतात, नवे क्षेत्र शोधतात, दूरच्या वाघांशी त्यांचे रक्त मिसळते. हे थांबले तर प्रत्येक जंगल बेटासारखे होते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातील दोन वाघिणी पकडून, वाहनाने आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. जी जंगले एकमेकांना पायवाटेने जोडलेली असतात, तिथे हे काम जंगल स्वतःच करते.

रुळावरच्या धोक्याची नोंदही याच मार्गावर आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मेले. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. वळणावर चालकाला ३०० मीटरपर्यंतचेच दिसत असेल, तर हातात सुमारे ११ सेकंद उरतात. भरलेली मालगाडी थांबायला मात्र एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. यात चालकाचा दोष नसतो. दोष आखणीत असतो.

एक मार्ग आणि दोन मार्ग

दुहेरीकरणाने नेमके काय बदलते? ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाचा माथा सुमारे ८ मीटर रुंद असतो, दुहेरीचा सुमारे १३ मीटर. मोकळ्यावर ओलांडायचे अंतर दीडपटीहून अधिक होते. शिवाय एक गाडी जाऊ देऊन पुढे सरकलेले जनावर समोरून येणाऱ्या दुसऱ्या गाडीपुढे सापडू शकते. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडालेला असतो. माणसेही फाटकावर अशीच सापडतात.

आता भरावाखालच्या मोरीचा विचार करा. प्राणी मोरीत शिरेल की नाही, हे ती किती 'मोकळी' दिसते यावर ठरते. तज्ज्ञ त्यासाठी एक सोपे गुणोत्तर वापरतात: उंची गुणिले रुंदी, भागिले लांबी. समजा, एक मोरी ३ मीटर उंच, ४ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब आहे. गुणोत्तर येते १.५. दुसऱ्या मार्गासाठी तीच मोरी १३ मीटर लांब केली, की ते ०.९२ वर येते. भराव उंच असेल तर लांबी आणखी वाढते. पाणी पूर्वीसारखेच वाहील. चितळ किंवा सांबर मात्र तोंडाशी येऊन परत फिरेल. कागदावर 'जुन्या मोऱ्या कायम ठेवल्या' असे लिहिले जाईल आणि तेही खरेच असेल.

तिसरा बदल वारंवारतेचा. समजा, दिवसाला २० गाड्या जातात. दोन गाड्यांमध्ये सरासरी ७२ मिनिटे मिळतात. ४० झाल्या तर ३६ मिनिटे, ८० झाल्या तर १८. एका मर्यादेनंतर प्राणी ओलांडायचा प्रयत्नच सोडून देतात. तेव्हा मृत्यूंचा आकडा कमी होतो आणि अहवालात सुधारणा झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात पायवाट बंद पडलेली असते. म्हणून फक्त मेलेली जनावरे मोजून भागत नाही. ओलांडून गेलेलीही मोजावी लागतात, आणि ती काम सुरू होण्याआधीच मोजावी लागतात.

यादीही जुनी होते. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेला हत्तींचा कळप २०२२ मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात पोहोचला. त्याआधीच्या नोंदींवर विसंबून कोणी अभ्यास केला असता तर त्यात हत्ती हा शब्दच आला नसता. हत्तीला ३ मीटरची मोरी उपयोगाची नाही.

करता येते, हेही खरे

पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी होताना न्यायालयात अनेक वर्षे वाद चालला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतील सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल बांधले गेले. त्यांतील सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघ, रानकुत्रे, चितळ अशा १८ जातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. याच संस्थेने २०१६ मध्ये रस्ते, लोहमार्ग आणि वीजवाहिन्या यांसाठी मार्गदर्शिकाही काढली. तिचा क्रम असा आहे: आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, उरलेले भरून काढा. आपल्याकडे बहुतेकदा हा क्रम शेवटून सुरू होतो. झाडे लावण्याचे आकडे आधी येतात, मार्ग हलवण्याचा विचार शेवटी येतो, आणि तोवर आखणी पक्की झालेली असते.

हा मुद्दा वाघापुरता नाही. या मुलखात मालगुजारी तलाव आणि बोड्या उतारावर एकाखाली एक साखळीने बांधलेल्या आहेत. एका भरावाची मोरी चुकीच्या जागी पडली तर वरच्या बांधीत धान कुजते आणि खालची बोडी कोरडी राहते. मोहफुले, तेंदूपाने आणायला जाणाऱ्या माणसांची वाटही तोच लोहमार्ग ओलांडते. पुलाखालच्या वाटेत पावसाचे पाणी साचले की शाळेत येणाऱ्या मुलांना लांबचा वळसा पडतो. या गोष्टी उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत. गावातल्या गुराख्याला आणि लोहमार्गावर रोज चालणाऱ्या गँगमनला त्या माहीत असतात.

शाळेने काय करावे?

सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन आपल्या तालुक्यातून जाणारा लोहमार्ग, कालवे, नाले आणि जंगल वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खूण करा. त्या गावांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे: इथून कोणते जनावर, कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी जाते? पावसात पाणी कुठून कुठे वाहते? माणसे कुठे ओलांडतात? उत्तरे महिनावार तक्त्यात भरा. नाल्याच्या ओल्या मातीतील पायठसे गावाजवळच्या भागात, शिक्षकांसोबत आणि दिवसा पाहावेत. रेल्वेच्या हद्दीत मात्र कोणी जाऊ नये. गावातील मोरीची उंची आणि रुंदी मोठ्यांकडून विचारून घ्या आणि वर दिलेले गुणोत्तर काढा. आणखी पाच मीटर लांबी वाढली तर ते किती होईल, तेही काढा.

वन आणि वन्यजीव परवानग्यांचे अर्ज २०१८ पासून केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर ठेवले जातात. वरच्या वर्गांनी एखादा अर्ज उघडून पाहावा. त्यात पर्यायी आखणीचा रकाना असतो. तिथे खरोखर दुसरा मार्ग तपासलेला आहे की एका ओळीत 'पर्याय नाही' म्हटले आहे, ते वाचावे. मग आपला तक्ता त्या अर्जाशेजारी ठेवावा. तक्त्यातील एखादी पायवाट अर्जात सापडली नाही, तर ती लेखी कळवण्याची वेळ आखणी पक्की होण्याआधीची असते. मातीचा भराव पडल्यावर तीच माहिती फक्त आठवण म्हणून उरते.