पनीर घरी करा, पण दूध उकळूनच!

मागच्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, देवरीकडचा एक तरुण शेतकरी माझ्या दवाखान्यात आला. दोन आठवड्यांपासून ताप येत-जात होता. संध्याकाळी थंडी वाजायची, रात्री घामाने अंथरूण भिजायचे. आपल्या भागात असा ताप म्हटला की पहिला संशय मलेरियाचा. रक्तात मलेरिया निघाला नाही. मग मी टायफॉइड समजून औषध दिले. ताप उतरला आणि आठवड्याभरात परत आला. कंबर धरली, सांधे दुखू लागले, वजन घटले.

पाचव्या आठवड्यात त्याची पत्नी सोबत आली. काय खाता-पिता, असे विचारल्यावर म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, बाजारातले पनीर नकली असते म्हणून आम्ही घरच्या म्हशीच्या दुधाचेच करतो. दूध कोमट करून लिंबू पिळतो. उकळले तर सत्त्व जाते म्हणतात.’’ म्हैस कशी आहे, असे विचारले तर कळले, ती दोन महिन्यांपूर्वी गाभडली होती आणि तिची वार याने उघड्या हातांनीच काढली होती.

हे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. रक्त नागपूरला तपासणीसाठी पाठवले, निदान झाले ब्रुसेलोसिस. सहा आठवडे दोन औषधे नियमित घेतल्यावर तो बरा झाला. जंतू दुधातून आले की हातातून, हे सांगता येणार नाही. दोन्ही वाटा उघड्या होत्या.

हा रोग नवा नाही. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर त्याचा जंतू शोधला. तो शेळ्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो, हे १९०५ साली झामित यांनी दाखवून दिले. सैनिकांना ते दूध देणे बंद होताच रोगी झपाट्याने कमी झाले. कच्च्या दुधाचे ताजे चीज ही या रोगाची जगभरची जुनी वाट आहे. लिंबाच्या आंबटपणाने हे जंतू मरतीलच, अशा भ्रमात राहू नये. दूध उकळल्याने मात्र ते मरतात. जनावरांच्या क्षयाचे जंतूही उकळण्याने मरतात. आणि ‘सत्त्व’ म्हणाल तर प्रथिने, स्निग्धांश आणि कॅल्शियम उकळल्यावरही दुधातच राहतात. काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, इतकेच.

दूध कोणते घ्यावे?

पनीरला म्हशीचे ताजे दूध उत्तम. एका लिटरमध्ये साधारण २०० ग्रॅम घट्ट पनीर निघते. गाईच्या दुधाचे कमी निघते आणि मऊ होते. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील बंगाली कुटुंबे मिठाईसाठी छेना करतात, त्याला तेच मऊपण हवे असते. पिशवीचे दूध घेत असाल तर वरची अक्षरे वाचा. फुल क्रीममध्ये ६ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का स्निग्धांश असतो. वजन किंवा कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांनी टोन्ड दुधाचे पनीर करावे. ते थोडे कोरडे होते, पण प्रथिने मिळतात.

गवळ्याकडून घेत असाल तर दोन प्रश्न संकोच न करता विचारा. गोठ्यात अलीकडे एखादे जनावर गाभडले काय? कालवडी-वगारींना ब्रुसेलाची लस दिली काय? ही लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच देतात. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

कृती

गंजात दूध ढवळत चांगले उकळी येऊ द्या. खाली उतरवून दोन-तीन मिनिटांनी लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. हिरवट पाणी सुटले की थांबा. स्वच्छ, उकळलेल्या फडक्यात गाळून वर गार पाणी ओता आणि अर्धा तास वजन ठेवा. उरलेले पाणी कणीक मळायला वापरा. पनीर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

बाजारातल्या पनीरची शंका असेल तर तुकडा पाण्यात उकळून गार करा व वर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. वनस्पती तेलाची भेसळ मात्र या चाचणीत कळत नाही. तपासलेला तुकडा फेकून द्यावा.

घरी गाई-म्हशी असणाऱ्यांना शेवटचे सांगणे. जनावर गाभडले तर वार उघड्या हाताने काढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. आणि ताप दोन आठवड्यांवर रेंगाळला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ‘‘आमच्या घरी जनावरे आहेत.’’ आम्ही विचारायला विसरलो, तरी तुम्ही सांगायला विसरू नका.