‘तात्पुरत्या’ पिशवीचा हिशेब

गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाच्या मनात एक प्रश्न असतो आणि संकोचापायी तो बहुधा विचारला जात नाही : पोटावरची पिशवी कायमची राहणार काय? १९०८ साली मायल्स या इंग्रज शल्यविशारदाने गुदाशय व गुदद्वार दोन्ही काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा उत्तर ठरलेलेच होते. पुढे १९८२ मध्ये हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या मेदावरणासह अखंड काढण्याची पद्धत मांडली आणि अनेकांचे गुदद्वार वाचू लागले. आतड्याची नवी जोडणी भरून येईपर्यंत बहुधा लहान आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढून ठेवतात. हा ‘तात्पुरता’ स्टोमा.

परदेशांतील पाहण्यांनुसार अशा सुमारे पाचांपैकी एक स्टोमा पुढे कधीच बंद होत नाही. जोडणी गळणे, उतारवय, गुदद्वारालगतची गाठ, किरणोपचार, रोगाचा अन्यत्र प्रसार यांवरून धोक्याचा अंदाज बांधणारी कोष्टके आता उपलब्ध आहेत. ती उपयुक्त आहेतच. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांत अंतराचा रकाना दिसत नाही.

भामरागड वा सिरोंच्याच्या माणसाला मोठे रुग्णालय म्हणजे कैक तासांचा प्रवास, मग ते नागपूरचे असो की मुंबईचे टाटा. स्टोमा बंद करणे ही दुसरी शस्त्रक्रिया. तिची तारीख मे महिन्यात आली तर तेंदूपत्त्याचा हंगाम, जुलैत आली तर रोवणी. सोबतच्या नातलगाचीही मजुरी बुडते. शासनाची आरोग्य योजना (२०१२ मध्ये ती प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होताच) शस्त्रक्रियेचा भार उचलते. बुडालेला हंगाम कोणी भरून द्यावा? तारीख एकदा चुकते, दोनदा चुकते, आणि वैद्यकाने तात्पुरती म्हटलेली गोष्ट संसारात कायमची होऊन बसते.

तीही गैरसोयीची. लहान आतड्याच्या तोंडातून पातळ मलावाटे शरीरातील पाणी व क्षार जातात. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते मूत्रपिंडांवर बेतू शकते. घामाने पिशवी सुटते, कातडी सोलवटते. मोठ्या आतड्याचा, योग्य जागी केलेला कायमचा स्टोमा त्या मानाने सांभाळण्यास सोपा.

म्हणूनच धोक्याचा अंदाज शल्यविशारदाच्या वहीत राहता कामा नये. संमतिपत्रावर अंगठा उमटण्यापूर्वी, गोंडी वा माडिया जाणणाऱ्या व्यक्तीकरवी, तो घरच्यांना समजावला पाहिजे. धोका मोठा असेल, त्याच्यापुढे कायमच्या स्टोमाचा पर्यायही आरंभीच मोकळेपणाने ठेवावा. धोका कमी असेल, त्याला घरी धाडतानाच, हंगाम विचारून, दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख द्यावी आणि येण्याजाण्याचे भाडेही.