टायटॅनियमची मूठ, पोलादाचें पातें

पेन्सिलीला टोंक करणें, पार्सलाची सुतळी कापणें, आंब्याच्या फोडी करणें, अशा किरकोळ कामांसाठीं खिशांत घडीचा चाकू बाळगण्याची संवय फार जुनी आहे. अलीकडे या चाकूच्या जाहिरातींत 'टायटॅनियम' हा शब्द ठळक अक्षरांनीं झळकत असतो, आणि त्या एका शब्दापायीं ग्राहक साध्या चाकूच्या कितीतरी पट किंमत मोजतो. परंतु त्या चाकूचें पातें बहुधा टायटॅनियमचें नसतेंच. टायटॅनियम असतें तें मुठींत.

ही फसवणूक नव्हे. उलट पातेंही टायटॅनियमचें असतें तर ग्राहक खरा फसला असता. धार टिकणें हें मुख्यतः धातूच्या कठीणपणावर अवलंबून असतें. रॉकवेलच्या मापनांत चांगल्या पात्याचें पोलाद ५८ ते ६२ अंशांचें भरतें. मुठीसाठीं नेहमीं वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातु, ज्यांत शेंकडा ६ भाग ॲल्युमिनियम व ४ भाग व्हॅनेडियम असतें, तो ३६ च्या आसपासच राहतो. त्याची धार लवकर मरते. समुद्रांत काम करणारे पाणबुडे व सुरुंग निकामी करणारे सैनिक यांच्यासाठीं मात्र टायटॅनियमचीं पातीं मुद्दाम करतात, कारण तीं गंजत नाहींत आणि लोहचुंबकाला दाद देत नाहींत.

या धातूचा शोध विल्यम ग्रेगर या इंग्रज धर्मोपदेशकाला १७९१ सालीं कॉर्नवॉलमधील काळ्या वाळूंत लागला. १७९५ सालीं क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें त्याचें नामकरण केलें. त्याचें खनिज दुर्मिळ नाहीं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतही इल्मेनाइट सांपडतें. अडचण आहे ती धातु मोकळा करण्याची. तापलेलें टायटॅनियम हवेंतील प्राणवायु व नत्रवायु शोषून ठिसूळ होतें. म्हणून क्रॉल यांनीं १९४० च्या सुमारास पूर्णत्वास नेलेल्या रीतीनें, हवेचा संपर्क टाळून, त्याच्या क्लोराइडावर मॅग्नेशियमची क्रिया करावी लागते. महागाईचें एक मोठें कारण हेंच.

मग मुठीला हा धातु कशासाठीं? एक तर हलकेपणा: पाण्याच्या सुमारें साडेचार पट जड, तर पोलाद पावणेआठ पट. दुसरा गुण अधिक मोलाचा, तो लवचीकपणाचा. मुठीच्या दोन फळ्यांपैकीं एकीला लांब चीर पाडून एक पट्टी मोकळी केलेली असते व ती आंतल्या बाजूस किंचित् वांकविलेली असते. पातें पूर्ण उघडतांच ती आंत सरकून त्याच्या टांचेमागें अडसरासारखी उभी राहते. सारख्याच जोरानें टायटॅनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वांकतें आणि सोडतांच पूर्ववत् होतें. असें स्प्रिंगचें काम त्याला सहज जमतें. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनीं मुठीच्या आंतील पातळ पट्टीचा अडसर सुधारून रूढ केला. दक्षिण आफ्रिकेंतून अमेरिकेंत गेलेले ख्रिस रीव्ह यांनीं पुढें मुठीची जाड फळीच अडसर म्हणून योजिली. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचें 'सेबेंझा' हें नांव झुलू भाषेंतील 'काम' या अर्थाच्या शब्दावरून आलें आहे. या रचनेंत मूठ जितकी घट्ट धरावी तितका अडसर पक्का बसतो.

हा अडसर निसटला तर पातें मिटतें तें थेट बोटांवर! म्हणून चाकू घेतांना रंगरूपापेक्षां येथेंच पाहावें. रंग तर बहुधा रंगच नसतो. विजेच्या दाबानें पृष्ठभागावर वाढविलेल्या पातळ थरांतून प्रकाश निळा-जांभळा दिसतो, इतकेंच. टायटॅनियम पोलादावर घांसलें कीं चिकटतें व झिजतें, यासाठीं चांगले कारागीर पट्टीच्या टोंकाला कठीण पोलादाचा तुकडा बसवितात. पातें उघडल्यावर पट्टीनें टांचेचा कांहीं भागच व्यापलेला असावा. ती सरकत सरकत पलीकडच्या फळीला टेंकली असेल, तर झीज पुरी झाली असें समजून तो चाकू दुरुस्तीस द्यावा.

मूठ गंजत नाहीं म्हणून पातेंही गंजणार नाहीं असें नव्हे. आंबा-लिंबू कापल्यावर तें पुसून कोरडें करावें आणि खिळीवर अधूनमधून तेलाचा एक थेंब सोडावा. विमानप्रवासांत हा चाकू हातांतील पिशवींत चालत नाहीं; तो मालाबरोबर जाणाऱ्या पेटींत ठेवावा लागतो.