व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घुमतोय, लाल होतोय की मुका झालाय? बिघाड कसा ओळखायचा?

बटण दाबलं तरी आवाज लगेच येत नाही. आधी काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी उजेड दिसतो, वीस-तीस सेकंद जातात आणि मग गाणं सुरू होतं. ज्यांच्या घरी कधीकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना ही वाट पाहणं नवं नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह घराबाहेर गेले, पण हाय-फायच्या शौकिनांनी त्यांना सोडलं नाही. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलेल्या आराखड्यावरून आजही लोक घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधतात.

अडचण येते ती सेट बिघडल्यावर. व्हॉल्व्ह समजणारे कारागीर आता फार उरलेले नाहीत. पण अर्ध्याअधिक बिघाडांचा माग झाकण न उघडताच, कानाने आणि डोळ्याने काढता येतो. उरलेल्यांसाठी झाकण उघडावं लागतं आणि तिथे धोका थेट जिवाचा आहे.

आत नेमकं काय चालतं?

व्हॉल्व्ह म्हणजे तोटी, आणि काम तसंच. आतला हीटर, बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ६.३ व्होल्टचा, कॅथोडला तापवतो. कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या धातूच्या पत्र्याकडे, म्हणजे अ‍ॅनोडकडे धावतात. मधल्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, थोडा निगेटिव्ह व्होल्टेज ठेवून हा प्रवाह आवरलेला असतो. गाण्याचा सिग्नल ग्रिडवर आला की तोटी कमी-जास्त उघडते. अ‍ॅनोडला मात्र साधारण ३०० ते ४५० व्होल्ट डीसी लागतात. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, हे लक्षात घेतलं की पुढचे इशारे उगाच वाटणार नाहीत.

एकच बाजू बंद पडली तर?

स्टीरिओ सेटमध्ये एकसारखे दोन भाग असतात, म्हणजे तुलनेसाठी चांगला भाग शेजारीच हजर असतो. डावा स्पीकर गप्प आहे असं धरू. सेट बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करायची. तरीही डावाच गप्प राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. आता उजवा गप्प झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी. मग इनपुटच्या केबलींची अदलाबदल. दोष बाजू बदलतो का? मग केबल किंवा प्लेअर तपासायचा. बदलत नाही? मग दोन्ही बाजूंचे छोटे व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी लावून पाहायचे.

प्रत्येक वेळी सेट बंद, व्हॉल्व्ह पूर्ण थंड आणि एका वेळी एकच बदल. नंबर तंतोतंत जुळायला हवा, कारण ईसीसी८३ आणि ईसीसी८२ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण त्यांचं काम वेगळं. मोठे पॉवर व्हॉल्व्ह बदलल्यावर अनेक सेटमध्ये बायस पुन्हा जुळवावा लागतो, त्यामुळे त्यांना शेवटी हात लावलेला बरा.

एक गोष्ट कधीच करायची नाही. स्पीकर न जोडता सेट वाजवायचा नाही. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज तयार होऊन त्याचं इन्सुलेशन जळू शकतं. सेटमधला सर्वांत महागड्या भागांपैकी हा एक आहे.

घूं घूं आवाज कुठून येतो?

आधी आवाज स्पीकरमधून येतोय की अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून, ते ऐकायचं. पेटीतून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा. त्रासदायक असतो, पण बहुधा निरुपद्रवी.

स्पीकरमधून येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर न्यायचा. घुमणं थांबलं, तर उगम व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे केबल, टर्नटेबलची अर्थिंग किंवा पहिला व्हॉल्व्ह. तसंच राहिलं, तर उगम व्हॉल्यूमच्या नंतर. मग सूर ऐकायचा. रस्त्यावरच्या डीपीची घुमघुम १०० हर्ट्झची असते. स्पीकरमधून त्याच पट्टीतली भुणभुण येत असेल, तर एसीचा डीसी करताना उरलेल्या लाटा गाळणारे फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. त्याहून खालचा, जाड सूर ५० हर्ट्झचा. तो हीटरच्या वायरिंगमधून, खराब व्हॉल्व्हमधून किंवा अर्थ लूपमधून येतो.

घुमणं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. आवाज कधीकधी खरंच जातो. पण आत एखादी वायर सुटून पेटीला लागली, तर वीज अर्थमध्ये जाण्याऐवजी पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

खरखर हा तुलनेने सोपा प्रकार. नॉब फिरवतानाच होत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलमधली धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. सेट चालू असताना छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलने हळूच टिचकी मारली आणि स्पीकरमधून घंटेसारखा 'टिंग' आला, तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय. बदलायचा.

व्हॉल्व्ह लाल झाला तर?

इथे मात्र विचार करत बसायला वेळ नसतो. मधला नारिंगी उजेड हीटरचा, तो हवाच. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाकही चालते. पण बाहेरचा राखाडी पत्रा निखाऱ्यासारखा लाल दिसू लागला, तर सेट तत्काळ बंद करायचा. तोटी पूर्ण उघडी राहिली आहे, असा त्याचा अर्थ.

बायसचा निगेटिव्ह व्होल्टेज नाहीसा झाला की असं होतं. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नीट न बसल्यानेही होतं. जुन्या सेटमध्ये नेहमीचा संशयित म्हणजे कपलिंग कपॅसिटर. आधीच्या टप्प्यातला सिग्नल पुढे सोडायचा आणि तिथला डीसी अडवायचा, हे त्याचं काम. तो झिरपू लागला की नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोहोचतो. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह घातला तर तोही लाल होतो, म्हणून आधी कपॅसिटर तपासायचा.

बायस मोजण्याचं गणित अवघड नाही. अनेक सेटमध्ये कॅथोडला १० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर ०.४ व्होल्ट दिसले तर प्रवाह ४० मिलिअ‍ॅम्पिअर. अ‍ॅनोडला ४०० व्होल्ट असतील, तर व्हॉल्व्ह सुमारे १६ वॉट उष्णता सोसतोय. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, म्हणजे ठीक चाललंय.

आत जांभळट-गुलाबी चमक असेल तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरलाय. काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला, तर हवाच आत गेली. दोन्ही व्हॉल्व्ह गेलेले समजायचे.

फ्यूज सारखा उडत असेल तर?

त्याच क्षमतेचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज एकदाच लावून पाहायचा. तोही उडाला तर आत शॉर्ट आहे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये तो काढून पाहता येतं. फ्यूज टिकला, तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. नाही टिकला, तर संशय पॉवर ट्रान्सफॉर्मरवर किंवा हीटरच्या वायरिंगवर. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडची युक्ती इथे ट्रान्सफॉर्मर जाळते, कधी घरही.

झाकण कधी उघडायचं?

व्होल्टेज मोजायची सवय असेल तरच. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. व्हॉल्व्ह आधीच काढून ठेवले असतील, तर तो साठा उतरायला वाटही उरत नाही. जाणकार आधी १,००० व्होल्टपर्यंत डीसी मोजणाऱ्या मल्टिमीटरने व्होल्टेज पाहतात, रेझिस्टर लावून तो उतरवतात, पुन्हा मोजतात आणि मगच हात घालतात. दुसरा हात तेवढा वेळ खिशात, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जाऊ नये.

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेट खाली काढून थेट प्लगला लावणं हे सगळ्यात वाईट. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात आणि पूर्ण व्होल्टेज मिळताच फुटू शकतात. रेडिओ कारागिरांचा जुना उपाय म्हणजे सिरीज बल्ब. फेजच्या वायरीत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब मध्ये जोडायचा. एलईडी चालत नाही. बल्ब पूर्ण उजेडात पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण सेटला मर्यादित वीज मिळाल्याने मोठं नुकसान टळतं. असा सेट अमेरिकेतून आलेला असेल, तर मागची पट्टी आधी वाचायची. तिथला पुरवठा साधारण १२० व्होल्टचा, त्यामुळे इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.