खर्जाची बाजू : भाग 9 – शंभर वॉट गेले कुठे?

आज कॅबिनेटवर लिहायचं ठरलं होतं. दहा इंची चार स्पीकर बरे की पंधरा इंची एक, हे भांडण मागच्या आठवड्यात अर्ध्यावर सोडलं होतं. ते आणखी आठवडाभर तसंच राहील, कारण मधे मिरजेहून एक पत्र आलं. सतारीच्या गावातून बेस गिटारबद्दल विचारणा यावी याचाच मला आनंद झाला. शिवाय प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला सारून पुढे जाववेना.

पत्रलेखक एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतात. गिटारवाल्याचा अँप 30 वॉटचा, यांचा 100 वॉटचा. तालमीच्या खोलीत सगळं छान जमतं. मैदानातल्या मंचावर ड्रम सुरू झाले की गिटार स्वच्छ ऐकू येते आणि बेस गायब होतो. आवाज वाढवला तर फाटतो. बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिला, तर जास्तच फाटतो. आता 200 वॉटचा अँप घेतला की आवाज दुप्पट होईल, असं त्यांच्या मनात आहे. घ्यावा का?

नुसत्या त्या आशेवर घेऊ नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो 'जरासा वाढला' एवढंच कळतं, आणि ड्रमच्या गदारोळात तेही कळेल याची खात्री नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 100 वॉटच्या दुप्पट आवाज हवा असेल तर हिशेब 1000 वॉटवर जातो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी आठवडाभर अस्वस्थ होतो, कारण नुकताच 120 वॉटचा अँप विकून 200 वॉटचा घेतला होता.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण अँपेगचं. ही कंपनी एव्हरेट हल या डबल बेस वाजवणाऱ्या माणसाने उभी केली. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो, त्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसवण्याची त्याची युक्ती होती. त्या 'अँप्लिफाइड पेग'वरूनच कंपनीचं नाव पडलं. फाटका आवाज हलला अजिबात सहन व्हायचा नाही. 1960 साली आलेला त्यांचा बी-15 हा अँप 25 वॉटचा, त्यात पंधरा इंची एक स्पीकर, आणि अँप उलटा करून कॅबिनेटच्या पोटात ठेवायची सोय. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन छोट्या क्लबांत हाच वाजवायचा. हल कंपनीतून बाहेर पडल्यावर, 1969 साली, अँपेगने एसव्हीटी काढला. 300 वॉट, सहा आउटपुट व्हॉल्व्ह, दहा इंची आठ स्पीकरांचं माणसाच्या छातीएवढं उंच कॅबिनेट. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्सच्या मागे तोच उभा होता. आता हिशेब करा. 25 वॉटचे 300 झाले, म्हणजे बारापट. डेसिबलमध्ये जेमतेम 11. क्लबातला अँप आणि स्टेडियममधला अँप यांत वॉटच्या जोरावर पडलेला फरक कानाच्या लेखी दुपटीपेक्षा किंचित जास्त! बाकीची ताकद त्या आठ स्पीकरांची होती.

मग गिटारवाल्याला 30 वॉट कसे पुरतात? इथे कान पक्षपाती आहे, आणि हा पक्षपात मला गेली कित्येक वर्षं खिळवून ठेवतो. बेसची सर्वांत जाड तार, खालचा ई, 41 हर्ट्झवर बोलते. काळी एकच्या तानपुऱ्याचा खरज असतो 69 हर्ट्झवर. म्हणजे ज्या खरजाला आपण 'खोल' म्हणतो त्याच्याही नऊ स्वर खाली ही तार जाते. पाच तारांच्या बेसचा खालचा बी तर 31 हर्ट्झपर्यंत उतरतो. तिथे आपला कान मंद असतो. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून मांडलं, आणि पुढे ते मोजमाप अधिक नेमकं होत गेलं. 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढंच मोठं वाटायला 40 हर्ट्झच्या स्वराला सुमारे 83 डेसिबल लागतात. आवाज चढवत नेला की ही दरी अरुंद होते, पण मंचावरच्या पातळीलाही वीस-पंचवीस डेसिबलचा फरक उरतोच. गिटारचे स्वर कानाच्या लाडक्या पट्ट्यात पडतात, आपले पडत नाहीत.

दुसरी गोष्ट फाटण्याची. गिटारवाला अँप मुद्दाम फाडतो, त्याला तेच हवं असतं. व्हॉल्व्ह तापून आवाज चेपला गेला की त्याची गिटार उलट जास्त भरीव लागते. बेसला स्वच्छ ठोका हवा. तार छेडल्या क्षणाचा ठोका पुढच्या लांबत जाणाऱ्या आवाजापेक्षा सहज 10 डेसिबलने उंच असतो, म्हणजे त्या क्षणाला दहापट वॉट. सरासरी 20 वॉटवर वाजवत असाल तरी ठोक्यापुरते 200 लागतात. 100 वॉटच्या अँपकडे ते नाहीत. तो ठोक्याचं डोकं छाटतो आणि आपण म्हणतो, फाटला. वॉट विकत घ्यायचे ते या ठोक्यासाठी. जुन्या व्हॉल्व्हच्या अँपला छाटणी सुरू झाली तरी तो गोलाई राखून छाटतो. म्हणून 'व्हॉल्व्हचे शंभर म्हणजे ट्रान्झिस्टरचे तीनशे' असं वादक म्हणतात. वॉट तेच असतात, पण या म्हणण्यात तथ्य आहे, कारण व्हॉल्व्हचा अँप फाटण्याच्या हद्दीत ढकलला तरी कान तक्रार करत नाही.

आता मिरजेच्या पत्रातल्या त्या नॉबकडे या. अँपवर बेसचा नॉब पूर्ण फिरवला की खालच्या स्वरांना साधारण 10 ते 15 डेसिबल जास्त मिळतात. 10 डेसिबल म्हणजे दहापट वॉट, हे वर झालंच. म्हणजे नॉब फिरवणाऱ्याने आपल्या 100 वॉटच्या अँपकडे खालच्या स्वरांपुरते 1000 वॉट मागितले! तेही जिथे कान मंद आहे तिथे. तिथे अँपची सगळी ताकद संपते आणि उरलेल्या स्वरांना काहीच उरत नाही. नॉब मधोमध आणा आणि 250 ते 800 हर्ट्झचा मधला पट्टा थोडा उचला. बेसच्या प्रत्येक स्वरात त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वर मिसळलेले असतात, आणि ते नीट ऐकू आले की खालचा स्वर कान स्वतः भरून काढतो. एकट्याने वाजवताना हा आवाज जरा नाकातला वाटतो. ड्रम सुरू झाले की तोच बेस वाटतो. माझं हे मत पक्कं आहे: बेस ऐकू येत नाही अशा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक नॉबवर मिटतात, दुकानात जावं लागत नाही.

तालमीत जमतं आणि मैदानात नाही, त्याचंही कारण सांगतो. 41 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सव्वाआठ मीटर. एवढी मोठी लाट कॅबिनेटच्या पुढे सरळ जात नाही, चहूबाजूंना पसरते, मागेसुद्धा. खोलीत भिंती तिला परत देतात, कोपऱ्यात कॅबिनेट ठेवलं तर अधिकच. गणपतीच्या मैदानी मंचावर ती गेली ती गेलीच. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवून तुम्ही त्याच्या अगदी पुढे उभे असाल, तर वरचे स्वर तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. कॅबिनेट मागे रेलवून कानाकडे तोंड करून ठेवा.

वॉटपेक्षा स्पीकर मोठा, हे मी पुस्तकातून नाही, मडगावजवळच्या एका लग्नात शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नवाकोरा क्लास डी अँप होता, 500 वॉट, वजन तीन किलोच्या आत, आणि बारा इंची एका स्पीकरचं सुबक कॅबिनेट. आलटूनपालटून वाजवणाऱ्या दुसऱ्या बँडमध्ये सत्तरीतले एक बेसवादक होते. त्यांचा व्हॉल्व्हचा अँप 100 वॉटचा, कॅबिनेट कपाटाएवढं, पंधरा इंची दोन स्पीकर. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मंडपाच्या टोकाला उभं राहूनही तो बेस माझ्या पोटात वाजत होता. माझा तिथवर पोचतच नव्हता. जेवताना मी त्यांना विचारलं, तर त्यांनी माझं कॅबिनेट एका हाताने उचललं, खाली ठेवलं आणि हसले.

घरी येऊन दोन्हींचे आकडे शोधले. एक वॉट दिला की एक मीटरवर माझं कॅबिनेट 94 डेसिबल द्यायचं, त्यांचं 101. हा 7 डेसिबलचा फरक म्हणजे पाचपट वॉट. शिवाय माझे 500 वॉट होते 4 ओहमला. माझं एकटं कॅबिनेट 8 ओहमचं, त्यामुळे अँपमधून 280च्या आसपासच निघत होते. 280 वॉटचे माझे झाले 118 डेसिबल. 100 वॉटचे त्यांचे 121. ते हसणं त्या दिवशी मला पुरतं उलगडलं. तेव्हापासून अँपची जाहिरात वाचताना मी आधी कॅबिनेटचा हा आकडा शोधतो. तो छापलेला नसेल तर विचारतो.

आकड्यांवरून आणखी एक. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात टू-इन-वनवर '1000 वॉट पीएमपीओ' अशी झगझगीत पट्टी चिकटवलेली असायची. तो आकडा क्षणभराच्याही क्षणभराचा, मोजण्याला धरबंध नसलेला. बेसच्या अँपवरही अधूनमधून 'पीक' म्हणून असाच फुगलेला आकडा दिसतो. आपल्याला हवे ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, वॉट, आणि ते किती ओहमला, हेही हवंच.

तर मिरजेच्या वाचकांना माझं उत्तर असं. घरी रियाजाला 20-30 वॉट भरपूर. ड्रमबरोबर, बेस साउंडवाल्याच्या डीआय बॉक्समधून मोठ्या स्पीकरांकडे जात असेल, तर अँपचं काम तुमच्यापुरतं आणि ड्रमरपुरतं, तिथे 150 ते 200 चालतील. पण तुमच्या पत्रावरून दिसतं की तुमच्या मंचावर मोठ्या स्पीकरांत फक्त गायक आणि कीबोर्ड जातात, बेस अँपच्याच भरवशावर असतो. तसं असेल तर 300च्या खाली जाऊ नका, 500 मिळाले तर उत्तम. मात्र पैसे एकदम नसतील तर आधी अँप घेऊ नका, आहे तसंच दुसरं कॅबिनेट घ्या. स्पीकरांचा पसारा दुप्पट झाल्याने 3 डेसिबल मिळतात. शिवाय 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 ओहम होतात, त्यामुळे ट्रान्झिस्टरचा अँप स्वतःच जास्त वॉट देतो. दोन्ही मिळून 5 डेसिबल सहज. 200 वॉटच्या अँपने 3च मिळाले असते.

हे सगळं तुमचं आत्ताचं कॅबिनेट 8 ओहमचं आहे असं धरून लिहिलं. ते 4 ओहमचं असेल तर दुसरं जोडल्यावर 2 ओहम होतील, आणि 2 ओहमला न बनलेला अँप तापून बंद पडेल, कदाचित कायमचा. तेव्हा कॅबिनेटच्या मागे, जिथे केबल घालता त्या पत्र्याच्या पट्टीवर ओहमचा आकडा छापलेला असेल. तो बघून कळवा. अँपच्या मागे 'मिनिमम' म्हणून किती ओहम लिहिलेत तेही. तुमचं पत्र येईपर्यंत मी दहा इंची आणि पंधरा इंचीचं भांडण लिहायला घेतो.